धाडस येण्याची वाट न बघता पहिली ऑनलाइन बॅच कशी काढावी

मी सांगलीत विश्रामबागला राहते. चौदा वर्षं एका कर सल्लागाराच्या ऑफिसात हिशेब लिहिले. आता घरगुती धंदा करणाऱ्या बायकांना मालाचा भाव कसा काढायचा आणि वही कशी ठेवायची, हे ऑनलाइन शिकवते. सहा ते आठ जणींची बॅच, चार आठवडे. ते बघून महिन्याला दोन-चार जणी आणि अधूनमधून एखादे सर फोन करतात. "मलाही माझ्या विषयाची बॅच काढायचीय, पण धाडस होत नाही." थोडं खोदून विचारलं की कळतं, लोगो झालेला आहे, रिंग लाइट आलेली आहे, नाव ठरवण्यात तीन आठवडे गेलेत. ज्यांना शिकवायचं त्यांच्यापैकी एकीशीही बोलणं मात्र झालेलं नाही.

चूक क्रमात होते. आधी धाडस येईल, मग जाहिरात करू, मग लोक येतील आणि त्यांच्यासमोर शिकवू, असा हिशेब मांडला जातो. त्यात धाडस यायला जागाच ठेवलेली नसते, कारण ते एखादीचं काम आपल्या हातून झाल्याशिवाय येत नाही. खालचा क्रम त्या हिशेबाने लावलाय. वेळ कमी असेल तर पायरी लहान करा, गाळू नका.

एक शब्द आधी स्पष्ट करते. आपल्याकडे कोचिंग म्हटलं की दहावी-बारावी नाहीतर स्पर्धा परीक्षा डोळ्यासमोर येते. इथं ते म्हणायचं नाही. एकाच अडचणीत असलेली पाच-आठ माणसं आठवड्याला एकदा भेटतात, मधल्या दिवसांत आपापलं काम करतात, आणि तुम्ही ते काम बघून पुढचं सांगता, याला मी गटाची बॅच म्हणते. यात व्याख्यान कमी असतं आणि माणसांच्या वह्या बघणं जास्त.

सुरुवातीआधी हाताशी काय हवं

शंभर पानी वही, चालता फोन, फक्त या कामाचे पैसे येतील असं एक बचत खातं, आणि आठवड्यातले ठरावीक पाच-सहा तास, जे घरात सगळ्यांना सांगून मोकळे केलेत. शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड. "संध्याकाळी बघू" म्हणून ठेवलेले तास कुकरच्या शिट्ट्यांत जातात.

लोगो, वेबसाइट, यूट्यूब चॅनेल, व्हिजिटिंग कार्ड यातलं काहीही पहिल्या बॅचला लागत नाही.

इथं थांबून बघा: काही शंका खऱ्या असतात, त्यांना मनाची भीती समजून रेटून नेऊ नका. शेअर कोणते घ्यावेत हा सल्ला पैसे घेऊन द्यायचा असेल तर सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते. नुसतं शेअर बाजाराचं शिक्षण देणाऱ्यांनीही मागच्या तीन महिन्यांतले भाव उदाहरणादाखल वापरू नयेत, असं सेबीने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं होतं. आहाराची बॅच घेणाऱ्यांनी "मधुमेह बरा करतो" असं लिहू नये. अशा आजारांवर उपायाची जाहिरात करायला १९५४ च्या औषध व जादुई उपचार कायद्याने बंदी आहे. कोणी नैराश्यात आहे असं दिसलं तर तिला डॉक्टरकडे पाठवायचं, बॅचमध्ये घ्यायचं नाही. तुमचा विषय यांपैकी कशात येत असेल तर आधी ते निस्तरा.

१. शंकांचं खातं मांडा

वहीच्या एका पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात शंका, मनात येते तशीच, सजवून लिहायची नाही. दुसऱ्यात तिचा प्रकार. तिसऱ्यात तारीख.

प्रकार तीनच आहेत. काही शंकांना उत्तर असतं, फक्त आपण ते शोधलेलं नसतं: जीएसटी लागेल का, मीटिंग मध्येच बंद पडली तर, फी परत मागितली तर. काहींना सराव लागतो: कॅमेऱ्यासमोर घसा कोरडा पडतो, बोलता बोलता भरकटते. आणि उरलेल्या बुडीत. जाऊबाई काय म्हणतील, शाळेतल्या मैत्रिणी हसतील का. ऑफिसात काही येणी वर्षानुवर्षं वसूल व्हायची नाहीत, ती शेवटी आम्ही बुडीत खात्यात टाकायचो. रोज आठवण काढून ती परत येत नसतात.

माझ्या पानावर अकरा नोंदी होत्या. सहा पहिल्या प्रकारातल्या निघाल्या, त्यांची उत्तरं एका दुपारी मिळाली. सगळ्यात जड होती ती "मी सीए नाही, कोणी विचारलं तर?" तिच्यावर दोन दिवस बसले, मग लक्षात आलं की विचारणारीचं काही चुकत नाही. मी ऑडिट करत नाही, नोटिशीला उत्तर देत नाही. म्हणून माझ्या माहितीपत्रकाची पहिली ओळच अशी झाली: "कर सल्ला, ऑडिट, नोटिसा इथं नाही. फक्त भाव आणि वही." तेव्हापासून ते कोणी विचारलेलं नाही, आणि विचारलं तर उत्तर छापील आहे.

तिसऱ्या रकान्यातली तारीख म्हणजे त्या शंकेचं काम ज्या दिवशी करणार तो दिवस. बुडीत नोंदीपुढे तारीख लिहायची नाही, आडवी रेघ मारायची.

तपासा: पान रात्री अकरानंतर लिहिलं असेल तर सकाळी चहा झाल्यावर पुन्हा वाचा. निम्म्या ओळी वेगळ्या लिहाव्याशा वाटतील.

२. एक अडचण निवडा आणि पाच फोन करा

"व्यक्तिमत्त्व विकास", "फिटनेस", "सुखी संसार" ही अडचणींची नावं नव्हेत. हे वाक्य भरून बघा: अमुक काम करणाऱ्या अमुक लोकांना अमुक गोष्ट जमत नाही, चार आठवड्यांनी ते ती स्वतः करू शकतील. "घरी ट्यूशन घेणाऱ्या बायकांना पालकांकडे थकलेली फी मागता येत नाही." "मराठी माध्यमातून डिप्लोमाला गेलेली पोरं मुलाखतीत गप्प होतात." वाक्य भरत नसेल तर विषय अजून मोठा आहे.

मग त्या अडचणीतल्या पाच जणांना फोन. इथं सगळे एक प्रश्न हमखास चुकीचा विचारतात: "असा क्लास काढला तर कराल का?" आपल्या भागात तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. "करू की, का नाही!" असंच उत्तर येणार, आणि त्या उत्तरावर विसंबून तुम्ही बॅच काढणार. त्यापेक्षा झालेलं विचारा. शेवटचं कधी अडलं होतं? तेव्हा काय केलंत? कोणाला विचारलंत? त्यापायी पैसे गेले का? जिने यासाठी आधी कुठंतरी पैसे नाहीतर वेळ घातलाय, ती खरी गिऱ्हाईक.

उत्तरं त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. मला एकीने सांगितलं, "ताई, माल खपतोय पण पैसा दिसंना झालाय." पुढे हेच वाक्य मी निमंत्रणात जसंच्या तसं घातलं.

सावध: या फोनवर स्वतःच्या बॅचबद्दल चकार शब्द नको. विकायला लागलात की समोरची खरं बोलायची थांबते.

३. आधी एकीबरोबर बसा

गटात शिकवण्याआधी तीच गोष्ट एका माणसाला, एका तासात, फोनवर किंवा व्हिडिओवर करून दाखवा. फी घ्या, शंभर रुपये का होईना. फुकट बसलेली गृहपाठ करत नाही, मग तुम्हाला वाटतं आपल्यालाच शिकवता येत नाही, आणि शंकांच्या पानावर उगाच एक ओळ वाढते.

माझी पहिली होती मिरजेची, घरून भडंग करून विकणारी. अर्धा किलोचं पाकीट ११० रुपयांना. मी विचारलं, सुटतात किती? म्हणाली, छत्तीस. चुरमुरे, शेंगदाणे, तेल, लसूण, कढीपत्ता, मसाला मिळून ७४ तिने बरोबर धरले होते. मग आम्ही एकेक ओळ वाढवत गेलो. गॅसचे ५. पिशवी आणि लेबल ४. स्कूटीवरून पोचवायचं पेट्रोल, पाकिटामागे ८. राहिले १९. दिवसाला वीस पाकिटं, म्हणजे ३८०, आणि काम सहा तासांचं. तासाला ६३ रुपये. फोनवर बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज. मग म्हणाली, "आणि मी भावजयीला सांगत होते, तू पण चालू कर म्हणून."

त्या तासात मी शिकवलं असं काही नव्हतंच, पाच प्रश्न विचारले होते. फोन ठेवल्यावर ते पाच प्रश्न क्रमाने लिहून ठेवले, तोच पुढे पहिला आठवडा झाला.

असं तिघींबरोबर करा. तिघींबरोबर, एकीवर थांबू नका. सराव लागणाऱ्या शंका इथं बऱ्याच ओसरतात, कारण घसा कोरडा पडूनही समोरचीचं काम झालेलं आपण बघितलेलं असतं.

तपासा: तिघी साधारण त्याच दोन-तीन जागी अडल्या का? अडल्या असतील तर अभ्यासक्रम हातात आला. तिघींच्या अडचणी तीन दिशांना गेल्या तर दुसऱ्या पायरीवर परत जा. यात कमीपणा नाही, पोस्टर छापून झाल्यावर हे कळण्यापेक्षा बरं.

४. चार आठवडे शेवटाकडून आखा

शेवटच्या भेटीत प्रत्येकीच्या हातात काय असेल, ते आधी लिहा. माझ्या बॅचमध्ये ते म्हणजे स्वतःच्या तीन वस्तूंचा नव्याने काढलेला भाव आणि महिन्याभराची भरलेली वही. मग मागे मागे येत विचारा, त्याआधी काय व्हायला हवं?

माझ्या पहिल्या आराखड्यात चौदा विषय होते. कर्ज, मुद्रा योजना, जीएसटी, पॅकिंग, इन्स्टाग्रामसुद्धा. ज्याला स्वतःबद्दल शंका असते तो असा आराखडा फुगवतो, आपल्याला खूप येतं हे दाखवायला. शेवटी चार उरले: खर्च, वेळ, भाव, वही. आठवड्याला एकच काम, तेही स्वतःच्या स्वयंपाकघरात किंवा दुकानात करायचं.

सुरुवातीची तारीख काढताना गावाचं कॅलेंडर बघा. बायकांची बॅच असेल तर गौरी-गणपती आणि दिवाळीच्या फराळाचे आठवडे सोडा. मार्च ते मे दुपारी गच्चीवर वाळवणं असतात. तासगाव, पलूसकडच्या द्राक्षवाल्या घरांत ऑक्टोबरची छाटणी चालू असताना कोणी फोन उचलत नाही. आणि पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे सरकायला लागली की अर्ध्या सांगलीचं लक्ष पाण्यावर असतं. २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी बघितलेत त्यांना त्या दिवसांत भाव काढायला सांगू नये. एक राखीव आठवडा आधीच धरून ठेवा.

५. फी ठरवा, स्वतःचा तास मोजून

इथं माझीच फजिती झाली. दुसऱ्यांना भाव काढायला शिकवणारी बाई, आणि स्वतःची फी ठरवताना म्हणाले, "द्या चारशे-पाचशे." भडंगवाली काय करत होती त्याहून वेगळं काही नाही. आता गणित असं करते.

सहा जणी, प्रत्येकी १,२०० रुपये, जमा ७,२००. तास किती? चार भेटींचे ४. पहिल्यांदा असल्याने तयारी भेटीमागे दोन, म्हणजे ८. व्हॉट्सॲपवर रोज पाव तास, २८ दिवसांचे ७. प्रत्येकीशी एक वीस मिनिटांचा फोन, मिळून २. निरोप, पावत्या, आठवणी यांचे ३. एकूण २४. तासाला ३०० रुपये पडले. दुसऱ्या बॅचला आठ जणी आणि १,५०० फी धरली तर जमा १२,०००. तयारी निम्म्यावर आली आणि फोन थोडे वाढले, तर पावणेएकवीस तासांच्या आत काम बसतं. तासाला साधारण ५८०.

आकडे तुमचे वेगळे येतील, पण व्हॉट्सॲपचा पाव तास लिहायला विसरू नका. तिथंच सगळा तोटा लपलेला असतो.

फी सांगितल्यावर गप्प बसायचं. "बाराशे आहे, पण तुम्हाला जमेल तसं द्या, नाहीतर नंतर..." हे शेपूट कापा. आरशासमोर दहा वेळा म्हणा: "फी बाराशे रुपये." पूर्णविराम. ऐकायला पोरकट वाटतं, मी न्हाणीघरात उभी राहून म्हटलंय. सवलत द्यायची असेल तर कारण आणि संख्या ठरवून द्या, उदाहरणार्थ बॅचमागे एकच जागा निम्म्या फीत.

परतीचा नियमही आत्ताच लिहा. माझा असा: पहिल्या भेटीनंतर पटलं नाही तर पूर्ण फी परत, दुसऱ्या भेटीनंतर नाही. हा नियम लिहिल्यावर "कोणी पैसे परत मागितले तर" ही शंका खात्यातून गेली.

६. बोलावणं: जवळून लांब

पहिल्या खेपेला मी गुढीपाडव्याला स्टेटसवर पोस्टर टाकलं. सोनेरी अक्षरं, कोपऱ्यात कलश. साठेक जणांनी हात जोडले, अभिनंदन केलं, एका मावशींनी केकचं चित्र पाठवलं. नाव नोंदवलं एकीनेही नाही. आठवडाभर मी धरून चालले की आपल्याला हे जमणारं नाही. नंतर पोस्टर पुन्हा वाचलं तर ते कोणासाठी आहे, हेच त्यावर नव्हतं. पाडव्याच्या दिवशी आलेल्या शंभर शुभेच्छांतली ती एक होती.

क्रम असा ठेवा. आधी तिसऱ्या पायरीवरच्या तिघी. मग दुसऱ्या पायरीवरचे पाच फोन. मग त्यांना विचारा, "तुमच्यासारखं कोणी अडलेलं माहितीये का?" स्टेटस सगळ्यात शेवटी, तेही दोन-तीन जागा उरल्यावर.

निरोप एकेकीला, नाव घालून. माझा नमुना:

"ताई, मागे तुम्ही म्हणाला होतात, माल खपतोय पण पैसा दिसत नाही. त्यावरच सहा जणींची बॅच घेतेय. चार बुधवार, दुपारी ३ ते ४, फोनवरूनच. शेवटी तुमच्या तीन वस्तूंचा भाव काढलेला असेल. फी १,२०० रुपये, आधी भरायची. पहिल्या बुधवारनंतर पटलं नाही तर परत. शनिवारपर्यंत कळवाल का?"

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टवर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी: ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांच्यापर्यंत तो निरोप पोचतच नाही. "पन्नास जणांना पाठवला, कोणी विचारलं नाही" यामागे कितीदा एवढंच असतं.

"बघते, सांगते" म्हणजे बहुतेक वेळा नाही. एक आठवण करा, शुक्रवारी. दुसरी करू नका. आणि नकाराची नोंद कारणासकट करा: वेळ जमत नाही, फी जास्त, गरज नाही. पाच नकारांत चार वेळेचे निघाले तर वेळ बदलायची असते, स्वतःला नाही.

चौघी झाल्या की बॅच सुरू करा. दोघीच आल्या तर दोघींना तसं सांगून, फीत बदल न करता जोडीने शिकवा. गुपचूप रद्द करणं सगळ्यात वाईट, पुढच्या वेळी स्वतःचाच स्वतःवर विश्वास बसत नाही.

सावध: पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, खात्यात बघा. "चुकून जास्त गेले, परत पाठवा" असा फोन आला तरी आधी खातंच बघा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

७. तालीम आणि सामान

फुकटच्या गूगल मीटवर तिघं किंवा जास्त असले की ६० मिनिटांची मर्यादा असते, झूमवर ४०. माझी पहिली भेट झूमवर होती. एकीचं रडू नुकतं थांबत होतं तेवढ्यात सगळ्या बाहेर. तुम्ही भेट ५५ मिनिटांत बसवा. फुकटच्या मीटवर रेकॉर्डिंग होत नाही, म्हणून रेकॉर्डिंगचं आश्वासन देऊ नका. पहिल्या बॅचला त्याची गरजही नसते.

तालीम दोनदा. एकदा एकट्याने, स्वतः खिडकीकडे तोंड करून बसून, म्हणजे उजेड तुमच्या चेहऱ्यावर येईल. एकदा घरातल्या कोणालातरी दुसऱ्या खोलीत बसवून, लिंकवरून आत घेऊन. फोनवरून घेत असाल तर "डू नॉट डिस्टर्ब" लावा, नाहीतर गॅस एजन्सीचा फोन आला की तुमचा आवाज जातो. लाइट गेली की राउटर जातो. राउटरचा छोटा यूपीएस किंवा दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन जवळ ठेवा. महावितरणचा देखभालीचा वार तुमच्या भागात कोणता, ते विचारून तो वार टाळा.

आणि एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पुष्कळ जणींचा रोजचा दीड-दोन जीबी डेटा रात्री आठपर्यंत मुलांनी संपवलेला असतो. रात्रीच्या बॅचमध्ये चेहरे अडकतात ते त्यामुळे. शक्य असेल तर दुपार धरा.

ग्रुप काढण्याआधी प्रत्येकीला विचारा. ग्रुपमध्ये सगळ्यांना एकमेकींचे नंबर दिसतात आणि काहींना ते चालत नाही.

८. पहिली भेट, मिनिटांच्या हिशेबाने

दहा मिनिटं आधी लिंक उघडून बसा. पहिली जी येते तिच्याशी गप्पा सुरू ठेवा, म्हणजे बाकीच्या येतात तेव्हा शांतता नसते.

पहिली ८ मिनिटं: प्रत्येकीने नाव, गाव आणि सध्याची एक अडचण, एका वाक्यात. तुमची स्वतःची ओळख अर्ध्या मिनिटात संपवा. शंका असली की माणूस इथं स्वतःची पात्रता सिद्ध करत बसतो. मी पहिल्यांदा सतरा मिनिटं घेतली होती, चौदा वर्षांच्या नोकरीसह.

पुढची १० मिनिटं तुम्ही शिकवायचं. दहाच.

मग २५ मिनिटं एकीचं उदाहरण सगळ्यांसमोर सोडवायचं. कोणाचं, ते आदल्या दिवशी तिला विचारून ठरवलेलं असावं. बाकीच्या आपापल्या वहीत आपले आकडे घालत जातील. गटाचा खरा उपयोग इथं कळतो. पहिल्या बॅचमध्ये मिरजेच्या ताईंचा भडंगचा हिशेब पुन्हा मांडत होते, तर आष्ट्याच्या एकीने माइक चालू करून मध्येच म्हटलं, "थांबा वो ताई, मग मी तर पदरचे घालून लाडू विकतेय." मी दोन तास समजावलं असतं तरी ते तिला असं उमगलं नसतं.

शेवटची १२ मिनिटं: प्रत्येकीने या आठवड्यात काय करणार ते मोठ्याने सांगायचं आणि तुम्ही लिहून घ्यायचं.

येत नसलेला प्रश्न येणारच. "हे मला नक्की माहीत नाही, उद्या संध्याकाळी सहापर्यंत ग्रुपवर सांगते" एवढं म्हणा आणि सहाच्या आत सांगा. थापा मारू नका. गावात बातमी बॅचपेक्षा लवकर पोचते.

तपासा: भेट संपल्यावर कागदावर लिहा, तुम्ही किती मिनिटं बोललात. वीसच्या वर गेलात तर पुढच्या वेळी एक उदाहरण वाढवा.

९. दुसरा-तिसरा आठवडा

तिसऱ्या आठवड्यात दोघी गळतात किंवा ग्रुप गपगार होतो, आणि शंका जोरात परत येते. बहुतेक वेळा कारण साधं असतं, गृहपाठ झालेला नसतो आणि तोंड दाखवायला लाज वाटते. ग्रुपवर "सगळ्यांनी गृहपाठ टाका" असं लिहू नका. त्या एकीला फोन करा: "वही कोरी असली तरी या, तिथंच भरू." वीस मिनिटांचा तो फोन याचसाठी फीत धरलेला आहे.

१०. पावती आणि कर

प्रत्येक फीची पावती द्या: क्रमांक, तारीख, नाव, रक्कम. साधं पावती पुस्तक चालतं. सेवा देणाऱ्याला आर्थिक वर्षातली एकूण उलाढाल २० लाखांच्या पुढे जाईपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि निपाणी-बेळगावच्या म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या जणी आल्या तरी हीच मर्यादा. मात्र तुमच्याच पॅनवर दुसऱ्या धंद्याचा जीएसटी नंबर आधीपासून असेल तर ही फीही त्यात धरावी लागते. नोंदणी नसताना पावतीवर जीएसटी लावू नका. उत्पन्न विवरणपत्रात दाखवायचं असतं, रक्कम लहान असली तरी. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, करायची असेल तर सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, त्यासाठी हजार-दीड हजार मागणाऱ्याला नमस्कार करा.

११. शेवटच्या भेटीत तीन कामं

प्रत्येकीने सुरुवातीचा आकडा आणि आताचा आकडा शेजारी शेजारी दाखवायचा. मग त्यांना दोन प्रश्न: काय कामाला आलं, आणि काय वेळ खाऊन गेलं? दुसऱ्याचं उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका. कोणाचा अभिप्राय पुढे वापरायचा असेल तर लेखी होकार घ्या आणि आकडे वाढवू नका.

तिसरं काम, सगळ्या समोर असतानाच पुढच्या बॅचची तारीख सांगून टाका. मी पहिल्या वेळी "बघू, कळवते" म्हणाले आणि दुसरी बॅच निघायला सात महिने गेले. तोवर शंकांचं पान पुन्हा भरलं होतं, बारा ओळींचं. दुसऱ्या बॅचला शेवटच्या बुधवारी, लिंक बंद करण्याआधी, तारीख सांगितली. एक ताई म्हणाल्या, "माझ्या नणंदेचं नाव घाला, पैसे मी आत्ताच सोडते." पावती क्रमांक पंधरा त्यांच्या नणंदेच्या नावावर आहे.